डेल्फीनचं बदक आणि एलरॉयची पकड

डेल्फीन प्रिबिलचा हात थरथरायचा, हे तळघरात काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कॉफीचा मग उचलला की अर्धी कॉफी तोंडात आणि अर्धी स्वेटरवर. पण तोच हात एकदा ओल्या गादीवर टेकला की दावणीच्या म्हशीसारखा शांत. कॉलेजच्या रसायनशाळेखालच्या त्या तळघरात एकतीस वर्षं ती बाई एकच काम करत आली होती. इलेक्ट्रोड घासायचं.

इलेक्ट्रोड म्हणजे पेनाएवढी दांडी आणि तिच्या टोकाला मसुराच्या डाळीएवढी प्लॅटिनमची चकती. चकतीभोवती केसाएवढी फट सोडून प्लॅटिनमचंच एक बारीक कडं. दांडी द्रावणात बुडवून गरगर फिरवायची आणि वीज सोडायची. चकतीवर जे काय घडतं ते वाहत बाहेर येतं, आणि जाता जाता कडं त्याला पकडतं. नव्या पोरापोरींना प्रोफेसर लोक हे फळ्यावर तासभर समजावायचे. डेल्फीन दोन वाक्यांत उरकायची. "मधली चकती धार काढती, भवतीचं कडं बादली धरतंय. बादली घान असली तर गाईला कशापायी शिव्या देता?"

ती बादली घासायची तऱ्हा अशी. मैद्याहून बारीक पांढरी पूड पाण्यात कालवायची, कापडी गादीवर ओतायची, त्यावर इलेक्ट्रोड उभा धरायचा आणि इंग्रजी आठाचा आकडा काढत राहायचं. गोल फिरवायचं नाही, गोलानं एक अंग झिजतं. आधी जाड पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि प्रत्येकीची गादी वेगळी. एका गादीवरचा इलेक्ट्रोड न धुता दुसरीवर टेकवणारा माणूस डेल्फीनच्या लेखी गोठ्यातले बूट घालून बिछान्यात शिरणारा.

घासून झाला की ओळखीच्या द्रावणात बुडवून चकतीची परीक्षा. डेल्फीनकडं कागदावर पेनानं रेघ ओढणारं जुनं यंत्र होतं. पेन वर चढून एक उंचवटा काढतं, परत फिरताना खाली एक पोट काढतं, आणि दोन्ही मिळून पाण्यावर बसलेलं बदक दिसतं. या धंद्यातली माणसं त्याला बदकच म्हणतात. डेल्फीनचं बदक असं गुळगुळीत यायचं की आमच्याकडचा एखादा शिकारी बंदूक घेऊन मागं लागावा.

लग्नाआधी ती चीजच्या कारखान्यात चीजची चाकं मिठाच्या पाण्यानं पुसायची. नवरा एलरॉय कॉलेजच्याच गोठ्यावर मुख्य. पोल्का नाचताना त्यानं तिच्या पायावर पाय दिला आणि माफी मागायच्या ऐवजी म्हणाला, "बूट चांगलं हाईत तुझं." एवढ्यावर जमलं. एलरॉय कामाला वाघ, पण शुक्रवारी पाच वाजले की त्याच्यातला वाघ मरायचा आणि तळलेल्या माशाच्या वासामागं जाणारा बोका उरायचा. शिवाय त्याला हत्यारांचं वेड. त्यात एक लाल पट्टी गुंडाळलेली पकड होती, एकदा जबडा आवळला की न सोडणारी. ती तीन आठवड्यांपासून हरवली होती आणि एलरॉयनं चोरीचा आळ अर्ध्या गावावर घेऊन झाला होता. पाद्रीबुवा तेवढे सुटले होते.

त्याच तीन आठवड्यांत डेल्फीनच्या बदकाच्या अंगावर काटा आला. रेघ सरळ जाईना. आणि कड्याची रेघ, जी मुळातच नाजूक, ती तर नुसती उलटे खवले उभे राहिलेल्या माशासारखी.

कड्याची रेघ लागायची डॉक्टर प्रेस्टन हार्गिसला. हा बॉस्टनहून आलेला प्रोफेसर, चाळिशीच्या आतला, सायकलवर येणारा, दुपारी डब्यातून कच्चा पाला खाणारा. माणूस वाईट नव्हता. पण त्याला सगळं संगणकात दिसायचं आणि त्याचा संगणक रेघ चोपून चापून दाखवायचा, त्यामुळं त्याला दिसायचा तो नुसता धुरळा. एका गुरुवारी तो खाली आला आणि डेल्फीनच्या टेबलापाशी घुटमळला.

"डेल्फीन, वाईट वाटून घेऊ नका."

"असं म्हनून कुनी बरी बातमी सांगितल्याली मी तरी ऐकली न्हाई."

"कड्याची रेघ फार थरथरतेय. मला वाटतं, तुमचा हात..."

"माझा हात काय?"

हार्गिसनं तिच्या स्वेटरवरच्या कॉफीच्या डागाकडं पाहिलं आणि लगेच छताकडं. "एकतीस वर्षं झाली. कुणाचाही थकेल. सोमवारी घासायचं यंत्र येतंय. तुम्ही वर सामानाच्या खोलीत बसा. याद्या करा."

"याद्या!" कुणी कालवडींची वेणी घालायला सांगावं तशी ती म्हणाली. "आन् माझ्या गाद्या?"

"यंत्राला स्वतःच्या असतात."

"सोमवार म्हंजी अजून चार दिस हाईत. दोष माझ्या हाताचा न्हाई असं मी दावलं तर?"

"तर यंत्र परत पाठवीन," हार्गिस म्हणाला. तो हे मनापासून म्हणाला, कारण तसं काही होईल असं त्याला वाटत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी डेल्फीन इलेक्ट्रोड घेऊन शेजारच्या खोलीत ऑर्विलकडं गेली. ऑर्विल इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप सांभाळायचा. आडदांड माणूस, पण त्या खोलीत मोज्यांवर चालायचा आणि कुजबुजत बोलायचा, कारण त्याच्या म्हणण्यानं म्हातारीला गोंधळ खपत नाही. म्हातारी म्हणजे मायक्रोस्कोप. तिचं कामही तसंच. वरून इलेक्ट्रॉनचा बारीक झोत सोडायचा, वस्तूवर आपटून जे उडतील ते बाजूच्या तबकडीनं झेलायचे, आणि झेललेल्यांवरून ओळीला ओळ लावत चित्र काढायचं. तिथंही धार आणि बादलीच.

चित्र उतरलं. डेल्फीननं चष्मा कपाळावर चढवला आणि नाक पडद्याला लावलं. चकती बर्फावर घसरायच्या मैदानासारखी सपाट. कडंही तसंच.

"ओरखडा?" तिनं विचारलं.

"एकबी न्हाई," ऑर्विल कुजबुजला. "पोराच्या गालावानी हाय. पन ह्ये बघ." त्यानं चित्राच्या कडेला बोट लावलं. जी कड सरळ हवी तिला करवतीसारखे दाते पडले होते. "तीन आठवडं झालं, म्हातारीला उचकी लागलीया. लिफ्टवर संशय आला म्हनून लिफ्ट बंद ठिवून बघितली. सगळी जिन्यानं चढून मला शिव्या घालत बसली. उचकी तशीच."

"कोन एवढी आठवन काढतंय हिची? दातं मोजलंस?"

"दातं कशाला मोजू? मी काय घोडा इकत घेतोय?"

डेल्फीननं पेन्सिलीचं टोक एकेका दात्यावर ठेवत मोजलं. अठ्ठेचाळीस. चित्र उतरायला लागलेला वेळ बरोबर एक मिनिट. ती तशीच उठून आपल्या पेनाच्या यंत्रापाशी गेली आणि घड्याळ समोर ठेवून कागद सोडला. बदकाच्या अंगावरचे काटे मोजले. मिनिटाला अठ्ठेचाळीस.

दोन वेगळी यंत्रं, दोघांना एकच उचकी. तिनं दोन्ही कागद हार्गिससमोर टाकले. हार्गिसनं पाहिलं, डोकं खाजवलं. "असेल काही हवेतून येणारं. पण तुमच्या घासण्यात दोष नाही हे यानं ठरत नाही. हवेतलं अडवायला तांब्याच्या जाळीची पेटी लागते. मागवली तर दीड महिना."

"पेटीच पायजे का?"

"धातूचं काहीही चालेल. इलेक्ट्रोड सगळा आत झाकला गेला पाहिजे."

डेल्फीनच्या डोळ्यांपुढं काय आलं ते मला तेव्हाच कळायला हवं होतं, कारण त्या आठवड्यात अख्ख्या गावाच्या डोळ्यांपुढं तेच होतं. रविवारी चर्चची जत्रा होती, आणि जत्रा म्हणजे बुया, आमच्याकडचा दाट रस्सा. कोंबड्या, बैलाचं शेपूट, कोबी, गाजर, वाटाणे, सगळं एकात, आणि तो रटरटायला चर्चचा बिडाचा हंडा, ज्यात एक वासरू उभं राहील. त्या हंड्याची राखणदार एलरॉयची थोरली बहीण जेनेव्हीव. म्हणजे डेल्फीनची नणंद. म्हणजे पंचाईत.

"ह्या हंड्यात माझ्या आज्यानं बुया केला," जेनेव्हीव चर्चच्या स्वयंपाकघरात कमरेवर हात ठेवून म्हणाली. "त्यात तुझी वीज न्हाई शिजायची."

"आत काय बी घालनार न्हाई. नुसता पालथा घालनार."

"पालथा? हंडा पालथा घालत्यात का कुनी? अपशकुनी कुठली!"

"ताई, सोमवारी माझी गादी जातीया. याद्या करायला बसवनार मला."

जेनेव्हीवचे हात कमरेवरून खाली आले. तिला डेल्फीन आवडायची नाही, पण बॉस्टनची माणसं त्याहून आवडायची नाहीत. "उद्या दुपारी बाराला हंडा हितं पायजे. बाराला म्हंजी बाराला. आन् घासून."

"घासन्याचं मला सांगतीस व्हय?"

एलरॉयनं हंडा गाडीत घालून आणला. आणताना पकडीवाचून मागचं फळकूट नीट आवळता आलं नाही म्हणून चोराच्या सात पिढ्या उद्धरल्या. ऑर्विलकडं मायक्रोस्कोपचे अवजड भाग उचलायची साखळी होती, तिनं आम्ही तो हंडा वर घेतला, पालथा केला आणि खाली पत्रा ठेवून इलेक्ट्रोडवर झाकला. वायरींपुरती फट ठेवली, आणि हंड्यालाही इमारतीच्या अर्थिंगची वायर जोडली. अर्धी रसायनशाळा बघायला जमली. कुणीतरी विचारलं, कोंबडी किती वेळात होईल.

पेन चालू झालं. टिक. टिक. टिक. अठ्ठेचाळीस.

"पाहिलंत?" हार्गिस हळू आवाजात म्हणाला. त्याला जिंकल्याचा आनंद नव्हता, उलट चेहरा पडला होता. "इतक्या जाड लोखंडाच्या आतसुद्धा. म्हणजे बाहेरून काही येत नाही, मायक्रोस्कोपचं दुखणं वेगळं असेल. जे आहे ते इलेक्ट्रोडमध्येच आहे. सोमवारी यंत्र येऊ द्या."

संध्याकाळी पाचला आम्ही नेहमीसारखे मासे खायला गेलो. डेल्फीन, एलरॉय, ऑर्विल आणि मी. डेल्फीननं ताटाला हात लावला नाही. ती काट्याच्या दांड्यानं टेबलावर ठोके देत बसली होती. टक. टक. टक. एलरॉय तिसरा मासा सोलत होता. सोलता सोलता त्यानं टेबलावरचा हात मागं घेतला. परत ठेवला, परत घेतला.

"आगं, थांबीव की त्ये," तो वैतागून म्हणाला. "कुंपनाला टेकून जेवल्यावानी वाटतंय."

डेल्फीनचा काटा हवेतच थांबला. "काय म्हनलास?"

"त्ये तुझं टक टक. वीज सोडल्यालं कुंपन असंच ठोकं देतंय. ल्हानपनी पैज लावून मी एकदा त्याच्यावर मुतलो हुतो. मुतल्याला मानूस त्यो ठोका जल्मात इसरत न्हाई."

ऑर्विलच्या नाकातून बिअर आली. डेल्फीन हसली नाही. "एलरॉय, कालवडी आमच्या इमारतीमागच्या रानात कवा आनल्यास?"

"झालं की तीन आठवडं."

"कुठल्या वारी?"

"शुक्कर..." एलरॉयनं मासा खाली ठेवला. त्याच्या कपाळावर आठी पडली, पण का पडली ते त्याचं त्यालाही अजून कळलं नव्हतं.

शनिवारी सकाळी दव असतानाच डेल्फीन रबरी बूट घालून कुंपणाच्या कडेनं निघाली. मागं मी आणि ऑर्विल. तारेतून वीज सोडणारी पेटी खांबाला टांगलेली होती, तिच्यातून टिक टिक येत होतं. पेटीची एक वायर कुंपणाला गेली होती. दुसरी जमिनीत जायला हवी होती. त्यासाठी पुरुषभर उंचीच्या तीन सळया घणानं ठोकाव्या लागतात, आणि ते रान म्हणजे वर बोटभर माती आणि खाली नुसता दगड. सळया कुठंच नव्हत्या. वायर गवतातून सरपटत आमच्याच इमारतीच्या भिंतीपाशी आली होती. तिथं इमारतीच्या अर्थिंगची तांब्याची सळई जमिनीतून वीतभर वर आलेली होती. वायर त्या सळईला आवळली होती, आणि आवळायला लावली होती लाल पट्टीची पकड.

डेल्फीन तिच्याकडं बघत राहिली. मग खदखदून हसायला लागली. हसता हसता बूट घालून ओल्या गवतात बसली. "हवेतनं न्हाई, जमिनीतनं! लोखंडाचा डोंगुर जरी पालथा घातला असता तरी ठोका आलाच असता, हंडाबी त्याच जमिनीला बांधल्याला! शुक्करवार! पाच वाजाय आलं हुतं! माशासाठी माझ्या नवऱ्यानं कुंपनाचं शेपूट माझ्या कड्याला बांधलं!"

एलरॉयला बोलावलं. तो आला, पकड बघितली, आणि आधी त्याचा चेहरा खुलला. "गावली!" मग सगळ्यांची तोंडं बघितली आणि हळूहळू मावळला. "जरा वेळापुरती लावली हुती. सोमवारी सळया ठोकनार हुतो."

"कुठल्या सोमवारी?"

"त्ये ठरलं न्हवतं."

हार्गिसला फोन केला. तो सायकलवर धापा टाकत आला. ऑर्विलनं त्याला सगळं सांगितलं, पण हार्गिस म्हणाला, "वायर काढा आणि मला रेघ दाखवा. पूर्ण. बदक आणि कडं, दोन्ही. वीस मिनिटं लागतील."

"वायर काढली तर कुंपन मेलं," एलरॉय म्हणाला. "आत एकोनतीस कालवडी हाईत."

"वीस मिनिटांत त्यांना कळेल का?"

"त्या काय घड्याळ बघत्यात?" एलरॉय छाती काढून म्हणाला. "न्हाई कळत."

सगळ्यांना गाठून गोळा करेपर्यंत साडेअकरा झाले होते. डेल्फीन खाली पळाली. एलरॉयनं पकडीचा जबडा सोडला. तळघरात पेनाची टिक टिक थांबली, आणि रेघ अशी सरळ निघाली की मीच श्वास धरला. डेल्फीननं हात खिशात घातले, थरथरतात ते दिसू नये म्हणून. पेन वर चढायला लागलं. बदकाची मान.

तेवढ्यात खिडकीच्या पट्टीतून, जी तळघरात आमच्या डोक्याच्या उंचीवर होती, एक ओलं काळं नाक आत आलं.

कालवडींना घड्याळ कळत नाही, पण त्यांतली पर्ल नावाची एक रोज सकाळ संध्याकाळ आणि मधेमधे तारेला नाक लावून बघायची, वीज आहे की गेली. हे एलरॉयनं सांगितलं नव्हतं. आठव्या मिनिटाला एकोणतीसच्या एकोणतीस बाहेर.

"लाव परत!" वरून एलरॉय ओरडला. "डेल्फीन, वायर लावतो!"

"हात लावशील तर बघ!" ती खालून ओरडली. "पोट व्हायचंय अजून!"

"गाड्यांच्या तळावर गेल्यात!"

"आडवा की! मानसं हाईत न्हवं तुमी?"

मी वर धावलो. जेनेव्हीव हंडा न्यायला आली होती, ती बाराच्या आतच आली होती, आणि गाडीतून उतरायच्या आधी तिच्या गाडीला दोन कालवडी चाटत होत्या. तिनं कंबर कसली, एप्रन सोडून दोन हातांत धरला आणि कोंबड्या हाकलाव्यात तशी पुढं सरसावली. ऑर्विल मोज्यांवर, कारण बूट खाली राहिले होते. मध्ये हार्गिस, दोन्ही हात पसरून, सायकलचं शिरस्त्राण डोक्यावर, आयुष्यात पहिल्यांदा कालवडीच्या डोळ्यांत डोळे घालून.

"हिला काय म्हणू?" तो ओरडला.

"काय बी म्हना, फकस्त मागं सरू नगा!" जेनेव्हीव ओरडली. "बॉस्टनात कुंपनं नसत्यात का?"

"कृपया!" हार्गिस पर्लला म्हणाला. "कृपया थांबा!" पर्लनं त्याच्या बाहीला मनगटापासून काखेपर्यंत जीभ फिरवली. तो हलला नाही. खाली शेण होतं, त्यात त्याचा पाय घोट्यापर्यंत गेला, तरी हलला नाही. आमची पाच जणांची ओळ, मध्ये आठ आठ हातांच्या फटी, आणि कुठल्या फटीत घुसावं याचा विचार करणाऱ्या एकोणतीस जनावरांची सभा. जेनेव्हीवला हसू आवरेना. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी एप्रन फडफडतच होता.

"झालं काय गं?" एलरॉय दर मिनिटाला ओरडायचा.

"कडं चालू हाय!"

शेवटी खिडकीतून डेल्फीनचा आवाज आला. "लाव!" एलरॉयनं पकड आवळली, पण आता कुंपणात कुणी नव्हतंच. कालवडींना परत घालायला अजून पाऊण तास गेला, आणि पर्लला मक्याची पेंड दाखवून न्यावं लागलं.

हार्गिस तसाच खाली आला. एका पायाला शेण, एका बाहीला लाळ, शिरस्त्राण वाकडं. डेल्फीननं कागद टेबलावर पसरून ठेवला होता. बदक असं की त्याच्या पाठीवरून पाणी ओघळेल. आणि खाली कड्याची रेघ, ओळंब्याच्या दोरीसारखी, एक काटा नाही. कालच घासलेला तोच इलेक्ट्रोड, तोच हात.

हार्गिसनं रेघेवरून शेवटपर्यंत बोट फिरवलं. मग डेल्फीनच्या हाताकडं बघितलं. तो थरथरत होता.

"माझं चुकलं, डेल्फीन."

"चुकलं तर चुकलं. यंतर?"

"सोमवारी दारातूनच परत."

"आन् याद्या?"

"त्या माझ्या मी करीन."

"मंग पाय धुवून या. गाद्यांजवळ असलं काय चालत न्हाई मला."

एलरॉयला त्या दुपारपासून सळया ठोकायला लावलं. रविवारी जत्रेत चर्चच्या पटांगणावर बसलं तरी लांबून घणाचा आवाज येत होता. एक ठोका, मग शिवी, मग ठोका. मिनिटाला तीन भरत असतील. त्याच्या वाट्याचा बुया जेनेव्हीवनं झाकून ठेवला होता, पण तिसरी सळई खाली गेल्याशिवाय द्यायचा नाही असं डेल्फीननं बजावलं होतं.

हंडा सुलटा झाला होता, खाली लाकडं पेटली होती, आणि ढवळायचं वल्हं या वर्षी हार्गिसच्या हातात दिलं होतं. तो घामेघूम होऊन गोल गोल फिरवत होता. डेल्फीन कॉफीचा मग घेऊन शेजारी उभी राहिली. अर्धी कॉफी स्वेटरवर सांडली.

"गोल नगं," ती म्हणाली. "एका अंगाला लागंल. आठ काढा, डॉक्टर. आठ."

त्यानं आठ काढायला सुरुवात केली. पहिले चार वाकडे आले.

"व्हय," डेल्फीन म्हणाली. "आता जरा हलक्या हातानं."